‘नंबर नाही लागला तर मी कोण?’

“मार्क म्हणजे सगळं काही नसतं, हे आम्ही तिला किती वेळा सांगितलं मॅडम. पण ती ऐकूनच घेत नाही, उलट जास्त चिडते. आता आम्ही बोलायचं तरी काय?”

बारावीच्या, आणि त्याहून जास्त ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) पुन्हा देणाऱ्या रिपीटर बॅचच्या मुलामुलींचे पालक समोर बसले की थोड्याफार फरकाने हा प्रश्न येतोच. मी लातूरमध्ये समुपदेशन करते. दहावीचा निकाल लागला की बीड, नांदेड, धाराशिव, परभणीकडची मुलं इथे येतात आणि ट्यूशन एरियातल्या होस्टेलच्या खोल्या, मेस, अभ्यासिका भरून जातात. लातूर पॅटर्नने, म्हणजे इथल्या तयारी करून घेण्याच्या पद्धतीने, या भागातल्या शेतकऱ्यांच्या, कंडक्टरांच्या, शाळामास्तरांच्या घरात डॉक्टर दिले, ही खरी गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान आहे. त्यामुळे ‘स्पर्धा वाईट, क्लास वाईट’ असं म्हणून मला या प्रश्नातून सुटता येत नाही. एका मुलीची हकिकत सांगते. तिला इथे ऋतुजा म्हणू. नाव बदललं आहे, घरच्या खाणाखुणाही बदलल्या आहेत, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

ऋतुजाचे वडील एसटीत कंडक्टर, आई गावात आशा कार्यकर्ती, धाकटा भाऊ नववीत. पहिल्या वर्षी नीटला चारशेच्या वर मार्क आले. पात्र ठरली, पण एमबीबीएसला नंबर लागला नाही. म्हणून रिपीट. दिवाळीपर्यंत टेस्ट सिरीजचे मार्क चढत गेले, मग एका जागी थांबले आणि डिसेंबरात घसरायला लागले. मेसचा डबा तसाच परत जायला लागला. रात्री तीनपर्यंत पुस्तक उघडं, सकाळी डोळे लाल. रविवारच्या टेस्टला पोटात दुखायचं, आणि तेही रविवारीच. रूममेटने आईला फोन केला आणि आई तिला घेऊन आली.

मी तिला विचारलं, “कशी आहेस?”

“चारशे साठवर अडकलीय मॅडम.”

विचारलं होतं तिच्याबद्दल, उत्तर आलं मार्कांचं. आईने लगेच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तेच नेहमीचं वाक्य म्हणाली, “अगं, मार्क म्हणजे काय सगळं असतं का?” त्यावर ऋतुजा एकदम उसळली. “मग पप्पांनी सोसायटीचं कर्ज कशाला काढलं? गावात कुणाच्या लग्नाला का जाऊ देत नाहीत मला? मार्क काहीच नाहीत तर मी इथं काय करायलीय?”

आईचा चेहरा उतरला. पण मुलगी चुकीचं बोलत नव्हती. ज्या घराचा सगळा खर्च, सगळी वेळापत्रकं, सगळे सणवार एका परीक्षेभोवती फिरतात, त्या घराने ‘मार्क महत्त्वाचे नाहीत’ म्हटलं की मुलांना ते खोटं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे त्यांना त्यात हार मानल्यासारखं ऐकू येतं: आता यांनीही माझ्यावरची आशा सोडली. म्हणून मी पालकांना हे वाक्य वापरू नका असंच सांगते. मार्क महत्त्वाचे आहेत, त्यावर प्रवेश ठरतो. मुलांना ते माहीत असतं. प्रश्न वेगळा आहे. मार्कांवर आणखी काय काय ठरवून ठेवलंय, तो.

त्या दिवशी आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगून मी ऋतुजाला सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने मुलं मोकळी होतात. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये. पण काही करून घ्यावं असं नाही.” स्वतःला इजा करायचा बेत नव्हता, तसा प्रयत्नही कधी झाला नव्हता. तरीही मी तिथे थांबले नाही. तिला सांगूनच आईशी बोलले, झोप आणि भूक यांसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि पुढचे काही आठवडे आईने तिच्याजवळ राहायचं ठरवलं. एकदोन गोष्टी इथेच सांगते, कारण त्या लेखाच्या शेवटापर्यंत थांबवून ठेवण्यासारख्या नाहीत. मूल ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलू लागलं, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागलं, झोप-जेवण पार बिघडलं, तर ‘परीक्षा झाली की होईल नीट’ म्हणून वाट बघू नका. त्याला एकटं ठेवू नका आणि तज्ज्ञ गाठा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, आणि मराठीत बोलता येतं.

झोप थोडी सुधारल्यावर आम्ही कामाला लागलो. मी म्हटलं, मागच्या टेस्टचा पेपर घेऊन ये. ती आली ती मोबाईलमध्ये क्लासच्या ग्रुपवरच्या रँक लिस्टचा फोटो घेऊन. पेपर आणलाच नव्हता. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, “पेपर बघवत नाही मॅडम. लिस्ट बघते आणि पेपर गादीखाली टाकते.”

मला या एका वाक्यात तिची सगळी अडचण दिसली. दर रविवारी ती साडेतीनशे मुलांमध्ये स्वतःचं नाव शोधत होती, वर किती आणि खाली किती ते मोजत होती. आणि ज्या कागदात तिच्या चुका होत्या, म्हणजे जिथून मार्क वाढणार होते, तो कागद गादीखाली जात होता. रँक तिला तिची लायकी सांगत होती, असं तिला वाटायचं. मग त्या पेपरमध्ये डोकावायची हिंमत कुणाला होईल?

पुढच्या वेळी ती पेपर घेऊन आली. आम्ही फक्त फिजिक्स काढलं. नीटला एकूण 180 प्रश्न, 720 मार्क. फिजिक्सचे त्यातले 45. बरोबर उत्तराला 4, चुकलं की 1 वजा. तिने 40 सोडवले होते, 22 बरोबर, 18 चूक. म्हणजे 88 मधून 18 गेले, उरले 70. मी तिला या 18 प्रश्नांसमोर खूण करायला सांगितली: का चुकला? पहिले पाचसहा प्रश्न तिने नाखुशीने केले. मग हळूहळू पुढे सरकून बसली. 7 ठिकाणी तिला उत्तर माहीत नव्हतं, नुसता अंदाज मारला होता, कारण “बाकीच्यांनी सोडवला असेल आणि मी मागं पडेन.” 6 ठिकाणी उत्तर येत होतं, पण कुठे चिन्ह उलटं झालं, कुठे सेंटिमीटरचं मीटर करायचं राहिलं, दोन ठिकाणी ओएमआर उत्तरपत्रिकेवर भलताच गोळा काळा केला. खरोखर न समजलेले निघाले 5. अंदाजाचे 7 सोडून दिले असते तर 7 मार्क वाचले असते, आणि त्या 6 चुका झाल्या नसत्या तर आणखी 30. नवीन काहीही न शिकता 37 मार्क, तेही एका विषयात.

“म्हणजे मला येत नाही असं नाहीये,” ती म्हणाली.

“पाच प्रश्न येत नव्हते,” मी म्हटलं. मला तिची खोटी समजूत काढायची नव्हती. ते पाच प्रश्न तिने त्याच रात्री सरांना विचारले.

मी फिजिक्सची शिक्षिका नाही, आणि टेस्टचं विश्लेषण कसं करायचं हे क्लासमध्येही सांगतात. तिलाही ते माहीत होतंच. पण ‘माझा पेपर चुकला’ आणि ‘मी चुकीची आहे’ यांत फरक करता येईपर्यंत माहीत असलेली गोष्टही हातून होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आपल्याकडच्या अनेक समुपदेशकांच्या रोजच्या वापरात आहे. तिचा एक आग्रह असा की माणसाने आपल्या कृतीला मार्क द्यावेत, आपल्याला देऊ नयेत. दुसरा असा की इच्छा कितीही मोठी असू दे, तिची अट होऊ देऊ नये. ‘मला एमबीबीएसला जायचंय’ ही इच्छा आहे, ती माणसाला पहाटे उठवते. ‘मला एमबीबीएस मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही अट आहे. तिने माणूस पेपर गादीखाली ढकलतो.

आणि ही अट हिशेबालाही धरून नाही. 2025 साली नीटला सुमारे 22 लाख मुलं बसली, 12 लाखांवर मुलं पात्र ठरली, आणि देशभरातल्या सरकारी-खासगी सगळ्या धरून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांतल्या एखाद्याला जागा. यश म्हणजे एमबीबीएस, एवढीच व्याख्या ठेवली तर उरलेल्या नऊ जणांना आपण सतराव्या-अठराव्या वर्षी अपयशी ठरवून मोकळे होतो. त्यांनी वर्ष-दोन वर्षं मान मोडून अभ्यास केला, जीवशास्त्र मुळापासून शिकली, घर सोडून राहायला शिकली, तरी. मला हे मान्य नाही. ही गोष्ट मी मुलांसमोरही इतक्याच स्पष्टपणे बोलते.

पण आकडे ऐकून मन बदलत नसतं. म्हणून एका भेटीत मी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि एक वाक्य पुरं करायला सांगितलं: ‘मी यशस्वी झाले असं मला तेव्हा वाटेल जेव्हा…’ तिने क्षणाचाही विचार न करता लिहिलं, ‘एमबीबीएसला नंबर लागेल.’

“बरं. नंबर लागला. त्या दिवशी काय होईल?”

ते तिला तोंडपाठ होतं. गावात पाटी लागेल, पेढे वाटले जातील, पप्पांना डेपोत लोक हार घालतील, आत्या फोन करेल. क्लासच्या मोठ्या फलकावर फोटो येईल.

“आणि त्यानंतर तीन महिन्यांनी, एखाद्या मंगळवारी सकाळी?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या मंगळवारचं चित्रच तिच्याकडे नव्हतं. तिने रंगवलेल्या सगळ्या यशात बघणारे दुसरे होते आणि ते सगळं एका आठवड्यात संपत होतं. पाचवीपासून घरात तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयातल्या ओळखीबद्दल 1966 मध्ये जे मांडलं त्यात अशी एक अवस्था आहे: स्वतः काही धुंडाळून न पाहताच पक्की झालेली ओळख. बाहेरून ती फार ठाम दिसते. मूल ‘फोकस्ड’ आहे म्हणून सगळे कौतुक करतात. तिला धक्का बसला की मात्र मुलाला धरायला दुसरं काही सापडत नाही. ऋतुजाचं तसंच असावं, असं मला वाटायला लागलं होतं. म्हणून मी विचारलं, “पाचवीच्या आधी किंवा नंतर, तुला स्वतःला कधी वाटलं की हे काम आपण करावं?”

मग तिने एक गोष्ट सांगितली. ती आठवीत असेल. गावच्या आरोग्य उपकेंद्रावर लसीकरणाचा दिवस, ती आईबरोबर गेलेली, बाळांची कार्डं लावून देत होती. तेवढ्यात मोटारसायकलवर मध्ये बसवून एका माणसाला आणलं, शेतात साप चावलेला. पाय दोरीने करकचून आवळलेला, सोबत सातआठ माणसं, सगळी एकदम ओरडणारी. कुणी म्हणतंय मांत्रिकाकडे चला, कुणी म्हणतंय जखम कापा. त्याची बायको जमिनीवर बसून राहिलेली. “आणि सिस्टर मॅडम, एकदम शांत. आवाजसुद्धा चढवला नाही. माणसाला आडवं केलं, पाय हलवू नका म्हणाल्या. आईला 108 ला फोन लावायला सांगितलं. डॉक्टरांशी फोनवर बोलत बोलत ती दोरी बघितली. जे लई ओरडत होते ना, त्यांना रस्त्यावर उभं केलं, ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला. त्या बाईला पाणी दिलं. मला म्हणाल्या, पोरी, किती वाजले ते लिहून ठेव. मी कार्डाच्या मागं लिहिलं.” ती हे सांगत होती तेव्हा तिचा आवाजच बदललेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात एकही मार्क आला नाही. तो माणूस वाचला, असं तिने मी विचारायच्या आधीच सांगितलं.

त्या हकिकतीत डॉक्टर फक्त फोनवर होते.

मी विचारलं, “यात तुला यशस्वी कोण वाटलं?”

“सिस्टर,” ती लगेच म्हणाली, आणि पाठोपाठ, “पण घरी थोडंच सांगता येतं की मला सिस्टरसारखं व्हायचंय म्हणून.”

इथे एक मोह होतो. ‘मग नर्सिंगच कर की!’ असं म्हणून टाकायचा. तो आवरला पाहिजे. नर्सिंग हे मानाचं आणि कसबाचं काम आहे, पण तिने काय व्हावं हे ठरवणं माझं काम नव्हतं, आणि एका आठवणीवरून करिअर ठरवणंही तितकंच घाईचं. मला त्या आठवणीत दुसरं काही दिसत होतं. तिची ओढ उसनी नव्हती. घरच्यांनी ‘डॉक्टर’ हे नाव तिला दिलं, पण आतली ओढ तिची स्वतःचीच होती. आम्ही त्या सिस्टरविषयी बरंच बोललो. त्यांना काय येत होतं? काय करायचं ते माहीत होतं. काय करायचं नाही, तेही. कुणाला कोणतं काम द्यावं ते कळत होतं. त्या घाबरल्या नसतील का? ऋतुजा म्हणाली, “घाबरल्या असतील, पण आधी काम केलं.”

तो कागद ती होस्टेलवर घेऊन गेली. पुढच्या भेटींमध्ये वाक्य बदलत गेलं, खोडलं गेलं, पुन्हा लिहिलं गेलं. शेवटी जे टिकलं ते असं: ‘लोक घाबरलेले असताना काय करायचं ते मला माहीत असावं.’ शब्द सगळे तिचे. मला या वाक्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट ही की एमबीबीएस त्यात बसतं, आणि इतरही पुष्कळ काही बसतं. शिवाय त्यातलं थोडंसं आजच करता येतं. टेस्टमध्ये सलग तीन प्रश्न आले नाहीत आणि छातीत धडधडायला लागलं की काय करायचं, हे तिने लिहून काढलं: पेन खाली ठेवायचं, चार श्वास, बायोलॉजीकडे वळायचं, फिजिक्सकडे नंतर यायचं. तिच्या लेखी हे सिस्टरचंच काम होतं.

वडिलांना भेटायचं राहिलं होतं. ते दोन ड्युट्यांच्या मध्ये, खाकी कपड्यांतच आले. आल्या आल्या म्हणाले, “मी तिला कधी प्रेशर दिलं नाही मॅडम. विचारा तिला.” आणि ते खरंच होतं. त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, कुणाशी तुलना केली नव्हती. बोलता बोलता त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. एका बाजूला ड्युटीच्या नोंदी, गाडी नंबर, मार्ग, आणि दुसऱ्या बाजूला दर रविवारचे ऋतुजाचे मार्क, तारखेनिशी, नीट ओळीत. बसमध्ये मोकळा वेळ मिळाला की ते ती पानं बघायचे. माया होती ती, दुसरं काही नव्हतं. पण ऋतुजाला ही डायरी माहीत होती, आणि रविवारी संध्याकाळी फोन वाजला की तिच्या पोटात गोळा यायचा. कारण फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: “आज किती पडले?”

डायरी बंद करा, असं मी म्हटलं नाही. फोनवर मार्क आधी विचारू नका, ती सांगेल तेव्हा लिहा, एवढंच म्हटलं. ते खरोखर गोंधळले. “मग बोलू काय? मला फिजिक्समधलं काय कळतंय?” मी म्हटलं, तुमचा दिवस कसा गेला ते सांगा. ते त्यांना जमलं. पुढे ऋतुजाच मला सांगत होती, की पप्पा आता रात्री गाडीतल्या गमती सांगतात. कोंबडीचं तिकीट काढायचं का म्हणून भांडणारे आजोबा, शेवटच्या स्टॉपवर झोपून राहिलेला पोरगा. त्या ऐकताना तिला जाणवलं की वर्षभर आपण पप्पांशी बोललोच नव्हतो, फक्त हिशेब देत होतो.

यानंतर आम्ही चौघं एकत्र बसलो आणि जे बहुतेक घरांत निकालानंतरच्या रडारडीत होतं ते फेब्रुवारीतच केलं. एका कागदावर सगळे रस्ते मांडले. नीटच्याच मार्कांवर महाराष्ट्रात बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय यांचे प्रवेश होतात. पशुवैद्यकीय महाविद्यालय तर आपल्याच जिल्ह्यात उदगीरला आहे. बीएस्सी नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते. राज्याच्याच एमएचटी-सीईटीच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटातून फार्मसी आणि कृषीकडे जाता येतं, आणि त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत. प्रत्येकासमोर फॉर्मची मुदत, खर्च, आणि ऋतुजाला ते कितपत आवडेल हे तिने स्वतः लिहिलं. खासगी कॉलेजची फी कितीपर्यंत झेपेल हा आकडा वडिलांनी तिच्यासमोर सांगितला. मुलांपासून पैशाची गोष्ट लपवली की मुलं तिचा अंदाज बांधत बसतात आणि तो अंदाज खऱ्यापेक्षा भयंकर असतो. तिसऱ्यांदा नीट द्यायची का, यावर मात्र ऋतुजाच आधी बोलली: “नाही. यावेळी जे मिळेल त्यातून निवडायचं.” आईला ते पटायला वेळ लागला.

‘दुसरा रस्ता दाखवला की मूल ढिलं पडतं’ ही शंका पालक हमखास काढतात. माझा अनुभव याच्या उलट आहे, आणि त्याला कारणही आहे. गणित सोडवताना आकडे, सूत्र, पुढची पायरी हे सगळं आपण मनातल्या ज्या थोड्याशा जागेत धरून ठेवतो, तीच जागा काळजी व्यापून टाकते. ‘हे हुकलं तर सगळं संपलं’ हे वाक्य डोक्यात चालू असताना माणसाला स्वतःचा पूर्ण मेंदू वापरायला मिळत नाही. ऋतुजाने सीईटीचे फॉर्म भरल्यावर तिचा नीटचा अभ्यास कमी झाला नाही. रविवारी पोटात दुखणं तेवढं थांबलं.

आता ज्याची वाट बघत वाचक इथवर आले असतील ते सांगते. एमबीबीएसला तिचा नंबर लागला नाही. मार्क आदल्या वर्षीपेक्षा चांगले वाढले, पण सरकारी जागेपर्यंत पोचले नाहीत. निकालाच्या रात्री ती खूप रडली, आणि रडायलाच हवं होतं. दोन वर्षांची इच्छा होती ती. विकल्पांचा फॉर्म तिने स्वतः भरला. सरकारी आयुर्वेद महाविद्यालयात बीएएमएसला प्रवेश मिळाला. ‘दोन वर्षं घालवून शेवटी आयुर्वेदच का?’ असं म्हणणारे नातेवाईक निघालेच. ती आता पहिल्या वर्षाला आहे. संस्कृत जड जातंय म्हणाली, शरीररचना आवडतेय. एमबीबीएसला गेलेली, पांढरा ॲप्रन घातलेली जुनी मैत्रीण भेटली की अजून टोचतं, हेही तिने सांगितलं. ते टोचणं जाईल की नाही हे मी तिला सांगितलं नाही. टोचत असतानाही तिने पहिल्या अंतर्गत परीक्षेचा पेपर घरी नेऊन वडिलांना दाखवला, चुकांसकट.

तर सुरुवातीच्या त्या पालकांच्या प्रश्नाकडे येते, बोलायचं काय. परीक्षा अजून लांब असेल तर आजच्या फोनवर मार्क सोडून काहीही बोला: भाकरी कोणाकडची गोड लागते, भावाने काय उद्योग केला, म्हशीने दूध किती दिलं. मार्क मूल आपणहून सांगेल, आणि सांगेल तेव्हा ‘बरं’ म्हणून ऐकून घ्या. ‘वाढले का’ आणि ‘पहिला कोण आला’ हे दोन्ही प्रश्न गिळून टाका. एखाद्या निवांत दिवशी त्याला विचारा की हे काम करावंसं तुला पहिल्यांदा कधी वाटलं, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका. उत्तर आलंच नाही तर रागावू नका. त्याला एखाद्या दवाखान्यात, शाळेत, शेतात, वर्कशॉपमध्ये ते काम करणाऱ्या माणसाबरोबर दिवसभर बसवा. पैशाचा आणि पुढच्या रस्त्यांचा कागद निकालाआधी करा, मुलाला शेजारी बसवून. आणि निकालाच्या दिवशी घरात कोण असेल ते आदल्या दिवशी ठरवून टाका. आत्या, मामा, शेजारी यांचे फोन वडिलांनी घ्यावेत, आईने मुलाजवळ बसावं, जेवण नेहमीच्या वेळी व्हावं, आणि त्या रात्री मुलाने दार लावून एकटं झोपू नये, निकाल कसाही लागला तरी.